मराठवाड्यात बोन्साय: भिंतीतला पिंपळ, बांधावरची बोर आणि पहिली पाच वर्षं

बोन्साय शिकायला बसलं की पहिल्यांदा भेटतात ती जुनिपर, पाइन आणि मेपल ही थंड हवेची झाडं. ‘वसंतात कुंडी बदला’, ‘हिवाळ्यात बर्फापासून जपा’ असले सल्ले वाचून परभणी-बीडच्या माणसाने करायचं काय? आपल्याकडे होळी झाली की पंधरा दिवसांत गच्चीवरची फरशी पायाला चटके द्यायला लागते. म्हणून इथे जे लिहितोय ते इथली हवा, इथलं पाणी आणि इथे आपोआप उगवणारी झाडं डोळ्यांसमोर ठेवून. तयार बोन्साय विकत आणून टीव्हीशेजारी ठेवायचं असेल तर यातलं फारसं कामाला येणार नाही. एखादं रोप, किंवा भिंतीत नाही तर बांधावर उगवलेलं झाड आणून त्याला पाच-सात वर्षांत घडवायचं असेल तर वाचा.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. पहिली दोन वर्षं आकाराचा विचार करायचा नाही. मुळं धरली, दोन उन्हाळे निघाले, मग पुढचं. नवा माणूस बरोबर उलटं करतो. झाड आणलं त्याच दिवशी तार गुंडाळतो, चपटी कुंडी आणतो, फोटो काढतो आणि एप्रिलमध्ये विचारत फिरतो, पानं का गळाली म्हणून.

१. आधी पाणी मोजा

किती झाडं ठेवायची हे जागेवर ठरत नाही, मे महिन्यातल्या पाण्यावर ठरतं. एका घमेल्याएवढ्या कुंडीला कडक उन्हाळ्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं. नळाला आठवड्याने पाणी येणाऱ्या गल्लीत तीस कुंड्या म्हणजे घरातल्यांशी रोजचं भांडण. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. असं वर्ष पुन्हा येणार नाही असं धरून चालू नका. सुरुवात चार-पाच झाडांनी करा. ती दोन उन्हाळे जगली की वाढवा.

पाणी कसलं आहे तेही बघा. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असतात. कुंडीच्या कडेला पांढरा थर बसतो, मातीवर पापुद्रा धरतो आणि पानं पिवळी पडतात. पावसाचं पाणी पन्हाळीखाली एका टाकीत साठवलंत तर तेच सगळ्यात उत्तम औषध. इथे दोन सापळे आहेत. आरओ फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून लोक झाडांना घालतात. त्यात क्षार आणखी दाट झालेले असतात. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी तसंच, दिवसभर पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. ही दोन्ही पाणी बोन्सायला नकोत, त्यांनी ओसरी धुवा. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र चालतं.

२. झाड कुठलं, आणि आणायचं कुठून

मराठवाड्यात बोन्सायसाठी सगळ्यात खात्रीची झाडं वडाच्या कुळातली: पिंपळ, वड, उंबर, पिंपरण आणि नर्सरीत मिळणारा नांद्रुक. यांची मुळं तुटली तरी पुन्हा फुटतात, खोड कापलं तरी कोंब येतो. पाखरांच्या विष्ठेतून बी पडतं आणि जिथे चिमूटभर माती नाही अशा जागी ही झाडं उगवतात: माळवदाच्या कडेला, पन्हाळीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीखाली, गढीच्या पडक्या भिंतीत. तिथे वर्षानुवर्षं उपाशी राहिल्यामुळे खोड जाड, बुटकं आणि वेडंवाकडं झालेलं असतं. कुंडीत तसं खोड तयार करायला दहा वर्षं लागली असती.

जुना वाडा पाडायला काढलाय, विहिरीच्या बांधकामाची दुरुस्ती निघालीय, रस्ता रुंद होतोय, अशा बातम्यांवर कान ठेवा. तिथली झाडं नाहीतरी ट्रॅक्टरमध्ये भरून उकिरड्यावर जाणार असतात. गावातल्या एक-दोन गवंड्यांना सांगून ठेवा, ‘भिंतीत पिंपळ निघाला तर तोडायच्या आधी फोन कर.’ तो आधी हसेल, पण फोन करेल.

दुसरा साठा म्हणजे उपटून टाकलेल्या डाळिंबाच्या बागा. पंधरा वर्षांचं डाळिंबाचं खोड पिळदार असतं, साल सुटून आतलं लाकूड दिसत असतं, पान बारीक. बोन्साय करणाऱ्याला आणखी काय हवं! फक्त बाग का काढली ते शेतकऱ्याला विचारा. मर रोगाने काढली असेल तर रोग मुळांत आणि मातीत असतो, ते झाड घरी आणू नका. वय झालं किंवा परवडत नाही म्हणून काढली असेल तर बिनधास्त आणा.

तिसरी, बांधावरची बोर. शेळ्यांनी वर्षानुवर्षं शेंडे खाल्लेलं बोरीचं झुडूप गुडघ्याएवढंच राहतं, पण बुंधा मनगटाएवढा होतो. दिसायला फार देखणं, काढायला तितकंच अवघड. बोरीचं सोटमूळ खोल जातं. बाभूळ आणि हिवर यांचंही तेच. पहिल्या वर्षी यांच्या वाटेला जाऊ नका.

रोपापासून सुरुवात करायची तर चिंच आणि विलायती चिंच. चिंचेखाली पावसाळ्यात शेकड्याने रोपं उगवतात, पान मुळातच बारीक असतं, साल लवकर भेगाळते. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेतही चिंच, आपटा, पिंपळ स्वस्तात मिळतात. तिथून घेताना काळी पिशवी खालून दाबून बघा. तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं रोप घेऊ नका, आणि घेतलंच तर ते वेटोळं पहिल्याच दिवशी कापून टाका. आपट्याचं पान मोठं, फांदी लोंबती. त्याचं बोन्साय मला कधी फार रुचलं नाही. पण दसऱ्याला घरच्या कुंडीतलं सोनं वाटायची हौस असेल तर करा.

३. परवानगी आणि कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका.

वनखात्याच्या हद्दीतून काहीही उपटायचं नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ आहेच, आणि गौताळ्यासारख्या अभयारण्यात तर विचारही नको. डोंगर मोकळा दिसतो म्हणून तो कुणाचाच नाही असं नसतं; माळरान गायरान असू शकतं, वनजमीन असू शकते. सातबारा बघितल्याशिवाय कुदळ मारू नका.

खाजगी शेतातून काढायचं तर मालकाची लेखी संमती घ्या. साध्या कागदावर चार ओळी पुरतात: गट नंबर, झाड कोणतं, किती, तारीख, सही. वाटेत कुणी गाडी अडवली तर हाच कागद दाखवायचा. चिंच, आंबा, खैर, चंदन, अंजन, जांभूळ ही झाडं महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आहेत, त्यांचं वाढलेलं झाड मालकालाही परवानगीशिवाय तोडता येत नाही. चंदनाच्या तर सावलीलाही उभे राहू नका.

शहरात महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. भिंतीतलं हातभर रोप वेगळं आणि भिंत फोडून वाढलेलं झाड वेगळं. दुसऱ्यासाठी नगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज करा.

आणि दौलताबाद, औसा, नळदुर्ग, परंडा, कंधार इथले किल्ले, संभाजीनगरचे दरवाजे, जुन्या बारवा इथल्या भिंतींत कितीही सुंदर पिंपळ दिसला तरी हात लावायचा नाही. संरक्षित स्मारकांना स्वतंत्र कायदा आहे. शिवाय आत गेलेलं मूळ ओढलं की त्याबरोबर दगडही येतो.

४. सामान

झाड काढायला: पहार, कुदळ, छिन्नी-हातोडा, छाटणीची घडीची करवत, सिकेटर (छाटणीची कात्री), गोणपाट, पाण्याचा कॅन, सुतळी, काळी प्लास्टिक पिशवी, हातमोजे. बोर किंवा बाभूळ असेल तर जाड बूट, काटा चपलेतून आरपार जातो.

घरी: भोकं पाडलेलं प्लास्टिकचं घमेलं किंवा मोसंबी-टोमॅटोचं क्रेट. क्रेटला आतून हिरवी शेडनेट लावली की झाली पहिली कुंडी. चारी बाजूंनी हवा लागते, मुळं भरघोस फुटतात आणि फेकायला निघालेलं क्रेट फुकट मिळतं. दोन चाळण्या लागतील, एक गव्हाची आणि एक पिठाची. मूळ फुटायची पावडर कृषी सेवा केंद्रात मिळते.

तार ॲल्युमिनियमची, १ ते ४ मिलिमीटर. ऑनलाइन बोन्साय तार मिळते. नाही तर मोटार रिवायंडिंगच्या दुकानात जुनी तांब्याची तार वजनावर मागा. सेंट्रिंगवाल्याची लोखंडी बाइंडिंग तार मात्र वापरू नका. ती गंजते, सालीत रुतते आणि सोडवताना साल घेऊन येते.

जखमेला लावायला बोर्डो पेस्ट. डाळिंब-मोसंबीवाल्यांना हे सांगायला नको. घरच्या कामाला १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम कळीचा चुना आणि १ लिटर पाणी पुरे. मोरचूद अर्ध्या पाण्यात, चुना अर्ध्या पाण्यात असे वेगवेगळे विरघळवा आणि मग एकत्र करा. भांडी प्लास्टिकची घ्या, लोखंडाची नकोत. त्याच दिवशी वापरून टाका.

५. केव्हा काढायचं

मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नका. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एक पाऊस पडतो, सगळे खूश होतात आणि मग पंधरा दिवस उघडीप. त्या उघडिपीत नुकतं काढलेलं झाड हमखास जातं. आर्द्रा निघू द्या. पुनर्वसू आणि पुष्य, म्हणजे जुलैचा पहिला आठवडा ते ऑगस्टची सुरुवात, हा वडाच्या कुळासाठी आणि चिंचेसाठी सोन्यासारखा काळ. हवेत ओल असते, आभाळ भरलेलं असतं, झाड वाढीला लागलेलं असतं.

डाळिंब पानगळीत असताना, जानेवारी-फेब्रुवारीत, नवे डोळे फुगायच्या आत काढा. बोरीची छाटणी बागायतदार एप्रिल-मेमध्ये करतात. बांधावरची बोरही तेव्हाच वरून छाटून ठेवा आणि पावसात काढायला घ्या. मार्च ते मे या काळात कुणी ‘आत्ताच घेऊन जा, उद्या जेसीबी येणार’ म्हणालं तर वडाच्या कुळातलं असेल तर न्या, बाकीची सोडून द्या.

६. काढायचं कसं

भिंतीतला पिंपळ घ्या. आधी वरचा सगळा पसारा छाटा. बोन्साय एक-दीड फुटाचं करायचं असेल तर खोड तेवढ्याच उंचीवर कापा. भरपूर पानं ठेवली तर कापलेली मुळं त्यांना पाणी पुरवू शकत नाहीत. कापताच पांढरा चीक धार लागल्यासारखा वाहतो. घाबरू नका, पाणी मारा, थोड्या वेळात थांबतो. डोळ्यात जाऊ देऊ नका, कपड्याचा डाग तर निघतच नाही.

मग मूळ. जुन्या बांधकामात दगडांच्या सांध्यात चुना भरलेला असतो आणि पिंपळाचं मूळ दगड सोडून त्या सांध्यातून चपटं होत गेलेलं असतं, कधी पट्टीसारखं. हा चपटेपणाच पुढे त्याचं सौंदर्य होणार आहे. छिन्नीने मुळाच्या दोन्ही बाजूंचा चुना कोरत जा, मुळावर घाव घालू नका. हातभर मोकळं झालं की करवतीने स्वच्छ कापा. ओढायचं नाही. ओढलं की साल मोज्यासारखी सुटून हातात येते आणि आतलं पांढरं लाकूड भिंतीतच राहतं. सहा इंच मूळ सालीसकट मिळालं तरी पिंपळाला पुरे. मध्ये अडकलेला दगड सुटत नसेल तर दगडासकट आणा, त्याचं दगडावरचं बोन्साय होईल.

आडात किंवा विहिरीच्या आतल्या बाजूला उगवलेलं झाड एकट्याने काढायला जाऊ नका. तिथे कपारीत सापही असतो.

ओल्या गोणपाटात गुंडाळून घरी आणा, रात्रभर बादलीत मुळं बुडवून ठेवा. सकाळी ठेचलेले मुळांचे शेंडे धारदार सिकेटरने पुन्हा कापा, त्यांना मूळ फुटायची पावडर लावा, वरच्या जखमांना बोर्डो पेस्ट.

बोर एका दमात काढायची नाही. पहिल्या पावसाळ्यात बुंध्यापासून वीतभर लांब अर्ध्या वर्तुळात चर खणा, त्यातली मुळं कापा आणि चर मुरूम व कुजलेल्या खताने भरून टाका. कापलेल्या टोकांना बारीक मुळं फुटतात. दुसऱ्या पावसाळ्यात उरलेला अर्धा भाग. तिसऱ्या वर्षी खालचं सोटमूळ कापून झाड उचला. शेतमालकाला हे तीन वर्षांचं वेळापत्रक आधी समजावून सांगा, नाहीतर मधेच तो बांध पेटवून मोकळा होतो.

आणि न खणताही झाड मिळतं. आपल्या डाळिंबवाल्यांना गुटी कलम हातचा मळ आहे. एखाद्या झाडाची सुरेख वळणाची, अंगठ्याएवढी फांदी निवडा, इंच-दीड इंच रुंद गोल साल काढा, पावडर लावा, ओलं मॉस (शेवाळ) बांधून प्लास्टिकने घट्ट गुंडाळा. जुलैत बांधलेली गुटी दोनेक महिन्यांत मुळं धरते. तिला चारी बाजूंनी मुळं येतात, जी खणून काढलेल्या झाडाला क्वचितच असतात. मला विचाराल तर नव्या माणसाने पहिलं झाड गुटीचंच करावं.

७. माती: काळी नको

शेताला काळी माती कितीही चांगली असली तरी कुंडीत ती शत्रू. पावसात चिखल होऊन मुळांचा श्वास कोंडतो, उन्हाळ्यात भेग पडून मुळं तुटतात. कुंडीतली माती अशी हवी की वरून ओतलेलं पाणी काही सेकंदांत खाली दिसावं.

माझं मिश्रण: दोन भाग विटांचे बारीक तुकडे, एक भाग चाळलेला मुरूम, एक भाग गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत, आणि पाणी धरायला अर्धा-एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वीटभट्टीवर फुटक्या विटा मिळतात. पक्क्या भाजलेल्या घ्या, कच्च्या विटेचा पुन्हा चिखल होतो. गव्हाच्या चाळणीवर राहील ते तळाला, खाली पडेल ते पिठाच्या चाळणीने चाळून धूळ फेकून द्या. ही धूळ काढायचा कंटाळा केला की बाकीची सगळी मेहनत फुकट.

मुरमात चुनखडीचे पांढरे खडे असतात. मूठभर मुरमावर लिंबू पिळा. फसफसला तर तो मुरूम नको. शेणखत कच्चं असेल तर त्यात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. कुंडीतली हुमणी दिसत नाही, फक्त एक दिवस झाड हलवलं की ते मुळांशिवाय हातात येतं.

८. पहिलं वर्ष

झाड क्रेटमध्ये लावल्यावर ते हलणार नाही असं सुतळीने बांधा. वाऱ्याने हललं की नवी मुळं तुटतात. जागा शेडनेटखाली किंवा घराच्या पूर्वेला, सकाळचं ऊन आणि दुपारची सावली. मुळं फारच कमी असतील तर वरून पारदर्शक प्लास्टिक पिशवी घालून सावलीत ठेवा. आत घाम धरतो, तेवढी ओल पुरते. उन्हात ठेवलीत तर मात्र झाड आत शिजतं.

तीन-चार आठवड्यांत हिरवे कोंब येतील आणि तुम्हाला वाटेल जगलं. थांबा. हे कोंब खोडात साठलेल्या अन्नावर येतात, खाली मूळ असेलच असं नाही. अशी कित्येक झाडं पोळ्याला हिरवीगार असतात आणि ऑक्टोबरच्या उन्हात माना टाकतात. कोंबांना दुसरी-तिसरी पानं येऊन ती कडक झाली, क्रेटच्या जाळीतून पांढरी मुळं डोकावली, की समजायचं धरलं. तोवर खत नाही, छाटणी नाही, तार नाही, आणि मूळ फुटलं का बघायला उपटून तर मुळीच नाही.

त्यानंतर महिन्यातून एकदा शेंगदाणा पेंडीचं आंबवलेलं, भरपूर पातळ केलेलं पाणी. दिवाळीनंतर बंद. परभणीकडे थंडीत पारा एक आकडी होतो, तेव्हा पिंपळ-उंबर पानं टाकतात. झाड मेलं म्हणून फेकू नका. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर पाणी कमी करून ठेवून द्या.

९. रोपापासून केलंत तर आधी जमिनीत

पेन्सिलीएवढं रोप थेट उथळ कुंडीत लावलं तर दहा वर्षांनीही ते पेन्सिलच राहतं. खोड जाड व्हायला रोपाला मोकळं वाढावं लागतं. सोटमूळ कापा, रोपाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा आणि मुळं त्यावर चाकाच्या आऱ्यांसारखी पसरवून जमिनीत लावा. फरशीमुळे मुळं खाली न जाता बाजूला जातात. तीन-चार वर्षं वाढू द्या, सहा फूट झालं तरी चालेल. मग पावसाळ्यात खोड हवं तिथे कापा, वरचा कोंब पुढचं खोड म्हणून धरा, तो जाड झाला की पुन्हा कापा. अशा दोन-तीन कापण्यांनी खोड खाली जाड, वर निमुळतं आणि वळणदार होतं. बुंध्यापाशी एखादी फांदी बेफाम वाढू दिली तर तेवढा भाग जाड होतो. काम झालं की ती कापून टाकायची.

१०. आकार

तिसऱ्या पावसाळ्यापासून. झाड डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, चारी बाजूंनी फिरवा आणि बुंध्याची मुळं जिथून सगळ्यात चांगली दिसतात ती बाजू दर्शनी ठरवा. पहिली मोठी फांदी साधारण एक तृतीयांश उंचीवर, दुसरी तिच्या विरुद्ध बाजूला थोडी वर, तिसरी मागे. समोर येणाऱ्या, एकाच जागेतून समोरासमोर निघालेल्या, सरळ खाली-वर जाणाऱ्या फांद्या काढा. आपल्याकडच्या जुन्या वडा-पिंपळाला पाइनसारखा त्रिकोणी आकार नसतो. शेताच्या कडेचा वड बघा, तो घुमटासारखा पसरतो. तसाच करा, जपानी नकाशा त्याच्यावर लादू नका.

मुख्य हत्यार कात्री. कोंबाला सहा-सात पानं आली की दोनवर कापा. कुठे कापलं, कोणत्या पानाशी, त्यावर नवी फांदी कुठे वळणार ते ठरतं. डावीकडच्या पानाशी कापलं तर फांदी डावीकडे. बोर, चिंच, डाळिंब असंच घडवा, यांच्या जून फांद्या तारेने वाकवताना काडकन मोडतात.

तार लावायचीच तर फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश, ४५ अंशाच्या तिरक्या वेढ्यांनी, घट्ट पण न आवळता. वाकवताना अंगठे वळणाच्या आत ठेवा. पावसाळ्यात पिंपळ-नांद्रुक इतके फुगतात की सहा आठवड्यांत तार रुतायला लागते. दर रविवारी बघा. साल तारेच्या दोन्ही बाजूंनी फुगलेली दिसली की त्याच दिवशी तार काढा. उलगडत बसू नका, कटरने तुकडे करून काढा. रुतलेल्या तारेचे स्क्रूसारखे वण वर्षानुवर्षं जात नाहीत.

११. मे महिना

गच्चीवर कुंडी फरशीला टेकवू नका, विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवा. ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट मार्चमध्येच बांधा, एप्रिलमध्ये दुकानात ती मिळत नाही. छोट्या कुंड्या वाळूने भरलेल्या मोठ्या टबात अर्ध्या पुरा आणि वाळू ओली ठेवा. पाणी सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर. दुपारी गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला सोसत नाही, ते मुळांना घालायचा प्रश्नच नाही; पाइपात साठलेलं पाणी आधी सोडून द्या.

लग्नसराईत गावाला जाताना शेजाऱ्याला किल्ली देताना एकदा स्वतः पाणी घालून दाखवा. ‘रोज पाणी घाला’ म्हटलं की लोक तांब्याभर पाणी पानांवर शिंपडून येतात.

१२. पिवळी पानं आणि किडी

पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, आपल्या चुनखडीच्या आणि क्षाराच्या भागातलं नेहमीचं दुखणं. १ लिटर पाण्यात २-३ ग्रॅम फेरस सल्फेट आणि चिमूटभर लिंबूसत्व घालून संध्याकाळी पानांवर फवारा, आणि पावसाचं पाणी द्या. सगळं पान पिवळं होऊन गळत असेल तर आधी पाणी जास्त होतंय का ते बघा. नांद्रुकाची पानं पुरचुंडीसारखी दुमडली तर आत थ्रिप्स (फुलकिडे) असतात, ती पानं तोडून जाळा. मिलीबग (पिठ्या ढेकूण) दिसला की जुन्या टूथब्रशने काढा आणि निंबोळी तेल फवारा. मुंग्या चढू लागल्या म्हणजे तो आलाच समजा.

घरातली म्हातारी माणसं ‘पिंपळ घरात ठेवत नसतात, मुंजा असतो’ म्हणतील. वाद घालू नका. कुंडी अंगणात किंवा गच्चीवर ठेवा, तसंही पिंपळाला ऊनच लागतं.

१३. बोन्सायच्या कुंडीत

चौथ्या-पाचव्या वर्षी, फांद्यांना पोटफांद्या फुटल्या की. जपानी हिशोब असा की कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीएवढी. मराठवाड्यात खोली दीडपट घ्या. दिसायला थोडी कमी नाजूक, पण मे निघतो. मातीची कुंडी कुंभाराकडून तळाला दोन मोठी भोकं ठेवून करून घ्या. गुळगुळीत चिनी मातीच्या कुंड्यांचं तेवढं अप्रूप नको.

जुलैच्या पावसात झाड काढा, मुळांचा एक तृतीयांश भाग कापा, जाड खाली जाणारी मुळं आधी. भोकांवर जाळी, झाड तारेने कुंडीला बांधा, माती काडीने मुळांत सारा म्हणजे पोकळी राहत नाही. पुन्हा तीन आठवडे सावली. पुढे वडाच्या कुळातल्या झाडांची माती दर दोन वर्षांनी बदला, चिंच-डाळिंबाची तीन वर्षांनी. पानं बारीक करायला निरोगी पिंपळाची सगळी पानं देठ ठेवून जूनअखेरीस कापतात. कुंडी बदललेल्या वर्षी हे करू नका.

पाहुणे येणार असतील तर झाड एक-दोन दिवस बैठकीत खिडकीपाशी ठेवायला हरकत नाही. कूलरच्या झोतात नको, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी परत बाहेर.